परातीवरचं नाव

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं साधंसुधं काम केलं ते मटार सोलायचं. दिल्लीत, पालमच्या आमच्या गच्चीवर, जानेवारीच्या उन्हात, जुनी सतरंजी टाकून. तिच्या पुढ्यात पातेलं होतं. परात असायला हवी होती — आयुष्यभर तिने भाजी परातीतच निवडली. परात का नव्हती, तेच सांगायचं आहे. आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, मेव्हण्याला नाही, देवापुढे बसूनही नाही. देवाला ठाऊक असेल तर असो. मी होऊन तोंड उघडलं नाही.

मी निम्मे दाणे पातेल्यात टाकत होतो, निम्मे तोंडात.

"सोलताय का चरताय?" ती म्हणाली.

मी म्हणालो, दात आहेत तोवर चरतो. ती हसली. मग सालं गोळा करता करता तिने मला एक काम सांगितलं. लहानसं काम. सकाळी करतो, म्हणालो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ती जरा आडवी झाली ती उठलीच नाही. हार्टचं दुखणं आधीपासून होतं, गोळ्या चालू होत्या. मटार आणि ती दुपार, यांच्या मधे एक सकाळ होती. त्या सकाळचं लिहायला बसलोय. पण एकदम तिथे जाववत नाही — जरा थांबा.

मी सातवी शिकलेला माणूस. कराडच्या बाजूचा. फौजेत ड्रायव्हर होतो, पेन्शनीत आल्यावर मानेसरच्या कारखान्याची बस चालवली, कामगारांची ने-आण केली. लोक मला रोखठोक म्हणतात. काकांच्या पोटात काही राहत नाही, असं शेजारची पंजाबी सून कौतुकाने सांगते. खरं आहे, दुसऱ्याचं काही राहत नाही. माझं स्वतःचं किती राहिलंय हे कुणाला दिसलं?

माझ्या बायकोचं नाव शालिनी. म्हणजे — ते मी ठेवलेलं. आईबापांनी ठेवलेलं नाव हौसा. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो, मग साखर वाटतात. झालं. कालपर्यंत हौसा होती ती साखर तोंडात विरघळेपर्यंत शालिनी झाली. तिने मान खाली घालून ते तांदूळ वाचले. तिला आवडलं का? मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

शालिनी हे नाव कुठून आणलं? मी ज्या कॅप्टनसाहेबांची जीप चालवायचो, त्यांच्या मेमसाहेबांचं ते नाव. कानाला बरं वाटायचं. हौसा म्हणजे अगदीच गावठी — कॅन्टोन्मेंटमध्ये बायकांच्या मधे अशी बायको घेऊन कसं उभं राहायचं? मेमसाहेबांचं मी तिला कधी सांगितलं नाही. तेही या कबुलीत धरा.

आणि मी ठेवलेलं नाव मी तरी कधी घेतलं? "अगं", "ऐकलं का", "कुठे गेली ही". शेजारणी शालिनी म्हणायच्या, पुढे शाळेतली पोरं शालिनी दीदी म्हणायची. मी अगं म्हणायचो. आमच्या घरात बायकोला नावाने हाक मारायची रीत नव्हती. नाव बदलायची होती.

हौसा हे नाव फक्त एका जागी उरलं होतं. तिच्या परातीवर. लग्नाआधी तिच्या आईने रुखवतासाठी घेतलेली स्टीलची मोठी परात. तळाला बाहेरून, भांडेवाल्याने ठोकून ठोकून टिंबाटिंबांनी काढलेलं — हौसा. पुढे आडनाव नाही. आईला कळेना, बापाचं घालू का सासरचं घालू. म्हणून नुसतं हौसा. अंबाला, जोधपूर, दिल्ली — माझी बदली होईल तिकडे ती परात आली. ट्रंकेत बसायची नाही, म्हणून ही मांडीवर घेऊन रेल्वेत बसायची. तिच्यात तिने पीठ मळलं, पापड लाटून ठेवले, मुलीला न्हाऊ घातलं. घासून झाली की पालथी घालायची, तेव्हा ते नाव वर यायचं. मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

आता शाळेचं. पालमजवळच्या एका खाजगी शाळेत ती नर्सरीच्या वर्गाला आया होती. मी बस चालवायला लागलो तेव्हापासूनची नोकरी. पोरांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायची, पहिल्या दिवशी रडणाऱ्यांना कडेवर घेऊन हिंडायची. तर एका वर्षी शाळेने ठरवलं की नव्या इमारतीच्या जिन्याच्या मोकळ्या पोकळीत काहीतरी मोठं कलेचं काम टांगायचं. वरच्या छतापासून तळापर्यंत. त्यासाठी एक मूर्तिकार आणला. मिलिंद त्याचं नाव. मराठीच, पण जन्मलेला-वाढलेला दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. पंचेचाळिशीचा असेल. त्याने सांगितलं, विकतचा पत्रा आणायचा नाही. पोरांनी, मास्तरांनी, शाळेतल्या सगळ्या माणसांनी घरचं एकेक जुनं स्टीलचं भांडं द्यायचं. ती ठोकून सपाट करायची, गोल कापायची, आरशासारखी चमकवायची आणि बारीक तारांनी टांगायची. जिना चढताना पोरांना त्यात आपली तोंडं दिसतील. आणि भांड्यांवर कोरलेली नावं असतात ना — कुणाच्या आजीचं, कुणाला लग्नात आलेलं — ती तशीच ठेवायची. नावात तोंड दिसलं पाहिजे, म्हणायचा.

हिने परात दिली. मला विचारलंसुद्धा नाही. मी म्हणालो, चांगली परात देऊन टाकलीस? तर म्हणाली, "तुमची कुठे होती? माझ्या आईने दिलेली." पहिल्यांदाच अशी बोलली. आवाज चढवला नाही, भाकरी थापत थापत बोलली.

मिलिंदने परात उलटी केली, नाव वाचलं, आणि सगळ्यांपुढे विचारलं की ही हौसा कोण. हिने हात वर केला. शाळेतल्या पोरीसारखा. तेव्हापासून तो तिला हौसाताई म्हणायला लागला.

शाळा सुटल्यावर मैदानामागच्या शेडमध्ये त्याचं काम चालायचं आणि ही तिथे थांबायला लागली. भांडी पुसून द्यायची, तारा ओवून द्यायची. त्याला भांड्यांची मराठी नावं येत नव्हती. गडव्याला लोटा म्हणायचा, वेळणीला "वो छोटी प्लेट" म्हणायचा. ही त्याला शिकवायची आणि घरी येऊन मला सांगून हसायची. "वेळणी म्हणता येईना हो त्याला. वेलनी, वेलनी करतो." मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

मग मास्तरणीही तिला हौसा दीदी म्हणायला लागल्या. पोरंही. मोकळी झाली ती. केसांना पुन्हा मेंदी लावायला लागली. मी काय म्हणतोय ते कळतंय ना तुम्हाला? वाईट काही नव्हतं. तो तिला पोराच्या वयाचा, बायका-मुलांचा माणूस. त्याची नजर वाकडी असती तर सोपं होतं — मी जाऊन कॉलर धरली असती, चार लोकांत माझीच बाजू खरी ठरली असती. पण तसं काहीच नव्हतं आणि तरी मी जळत होतो. आतून. रोज.

एकदा तिला आणायला गेलो. गेटापाशी उभा होतो. मैदानाच्या पलीकडून त्याने हाक मारली, "हौसाताई!" आणि ही नर्सरीच्या खिडकीतून ओरडली — "ओ!"

ती "ओ" मी कधी ऐकली नव्हती. शेताच्या बांधावरून पोरगी ओ देते तशी, लांबवलेली, हसरी. माझ्या हाकेला ती "आले" म्हणायची. सगळा संसार "आले". तिच्या गळ्यातला असला आवाज एका परक्या माणसाला मिळावा, आणि मला गेटापाशी उभं राहून फुकट ऐकायला मिळावा? मी तिला न घेताच घरी परतलो. रात्री म्हणालो, पाय दुखत होता.

आता ते सांगतो.

काम संपत आलं होतं. एक दिवस ती सकाळी डबा विसरली म्हणून द्यायला मी शेडमध्ये गेलो. ती वर्गात होती. मिलिंद एकटाच. मला बघून खूश झाला. "काका, या ना, ताईंची परात बघा. एकदम मस्त झालीये, यार." मला यार म्हणाला. त्याने कापड काढलं. परात आता परात नव्हती. गोल आरसा होता, स्टँडवर उभा केलेला. ही सगळ्यात मोठी, म्हणून सगळ्यात खाली येणार, पहिल्या जिन्याच्या वळणावर, नर्सरीच्या पोरांच्या डोळ्यांसमोर — ताईंची पोरं आहेत ना ती, म्हणाला. मी वाकून बघितलं. माझं तोंड दिसलं. म्हातारं, ओठ आवळलेलं. आणि कपाळावर आडवी टिंबं — हौसा.

मी म्हणालो, "हे नाव घासून टाका."

त्याने हातातलं कापड खाली ठेवलं.

मी सांगितलं की तिचीच तशी इच्छा आहे. गावठी नाव आहे, तिला लाज वाटते, चार लोकांत वाचलं जाईल म्हणून झोप येत नाही तिला. तुम्ही ताई ताई करता म्हणून भिडेने बोलत नाही. तो म्हणाला, पण त्या तर स्वतःच रोज पुसतात ते नाव, किती खूश असतात. मी म्हणालो, "बायको माझी आहे का तुमची? तिला विचारू नका. विचारलंत तर रडेल, आणि पुन्हा इथे यायची नाही."

किती सहज आलं तोंडातून. तालीम केल्यासारखं. आणि त्याला खरं वाटलं. का नाही वाटणार? नवऱ्याने सांगितलं की बायकोचं म्हणणं कळलं, असंच धरतात आपल्याकडे. त्याने मान हलवली. म्हणाला, टिंबं खोल आहेत, ग्राइंडर लावावा लागेल, नंतर परत पॉलिश. मी म्हणालो, लावा. मी आहे उभा.

उभा होतो मी. ठिणग्या उडत होत्या. आधी ह गेला. तिच्या आईने त्या भांडेवाल्यासमोर उभं राहून ठोकून घेतलेलं नाव, आणि मी डबा हातात धरून ते जाताना बघितलं. मग त्याने चाकाने ती जागा चमकवली, कापडाने पुसली. पुन्हा माझं तोंड दिसलं, स्वच्छ. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं.

उद्घाटनाच्या दिवशी तिने हिरवी साडी नेसली. मला इस्त्रीचा शर्ट काढून दिला. जिन्यापाशी ही गर्दी — पालक, मास्तर, पोरं. वरपासून खालपर्यंत चकत्या हलत होत्या, भिंतींवर उजेडाचे तुकडे पळत होते. पोरं ओरडून नावं वाचत होती. सरला. गुरमीत. प्रेमवती. अमक्याकडून तमक्यास सप्रेम. हिची नजर सरळ पहिल्या वळणावर गेली. मग तिने बाजूला होऊन बघितलं. मग पलीकडून, पाठीमागून बघितलं. वाटलं असेल की नाव मागच्या बाजूला आलं. चार पायऱ्या चढली, परत उतरली. सगळ्यांची नावं होती. हिचा आरसा तेवढा कोरा.

मिलिंद लांबून हात जोडून हसला. जवळ आला नाही. मला दिलेला शब्द पाळत होता बिचारा. तिला वाटलं, तोंड चुकवतोय.

ती मला म्हणाली, "चला." बाकी काही नाही.

नंतर त्याचे दोन-तीन फोन आले. तिने उचलले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तिने शाळाही सोडली, गुडघ्यांचं निमित्त सांगून. एकदा पीठ मळता मळता, ताटलीतून पीठ सांडलं ते गोळा करत आपल्याशीच म्हणाली, "गावठीच नाव होतं ते. शोभलं नसेल तिथे." मी जे खोटं तिच्या नावावर खपवलं, तेच तिने स्वतः शोधून काढलं आणि खरं मानलं. मी समोर बसलो होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी मीठ मागितलं.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. मिलिंद नाही, शाळा नाही, हौसा दीदी नाही. घरात पुन्हा अगं आणि आले. मला हवं होतं तसं. तरीही मत्सर गेला नाही — ती गप्प बसली की मला वाटायचं, आत कुठेतरी ती ती "ओ" जपून बसलीय आणि मला देत नाही.

ती गेल्यावर तेराव्याला मिलिंद आला. शाळेतून कळलं त्याला. फोटोपुढे बसून रडला. मला म्हणाला, काका, अजून कुणी भांडं घेऊन आलं की मी विचारतो, ही वेळणी का? बरोबर म्हणाला, वेळणी. ळ नीट लावून. ताईंनी सांगितलं तसं नाव काढलं मी, म्हणाला, पण आजही त्या जिन्याखालून जाताना मला कसंतरी होतं. मी त्याला पाणी दिलं. चहा दिला. दारापर्यंत सोडलं. आणि बोललो नाही.

तर मटार.

सालं गोळा करता करता ती म्हणाली, "एक विचाराल त्या मिलिंदला? फोन करून? माझंच नाव का घासलं तेवढं विचारा. राग नाही माझा. नुसतं कळावं."

मी म्हणालो, तूच विचार की. म्हणाली, मला लाज वाटते. तुम्ही पुरुषमाणूस, सरळ विचारता.

सकाळी करतो, म्हणालो.

सकाळी तिने आंघोळ झाल्या झाल्या माझा फोन चार्जरवरून काढून हातात आणून दिला. मी बाल्कनीत खाटेवर बसलो. ती स्वयंपाकघरात गेली, पण गॅस बारीक केलेला मला ऐकू आला. दूध बाजूला ठेवून ती दाराआड उभी होती. मी नंबर लावला नाही. काळा पडदा तसाच कानाला धरला आणि बोलायला लागलो.

"हॅलो, मिलिंदजी? नमस्कार. पालमहून बोलतोय... हां हां, बिल्कुल. एक विचारायचं होतं..."

मधे मधे थांबत होतो. अच्छा म्हणत होतो. एकदा हसलोसुद्धा, त्याने काही गमतीचं सांगितल्यासारखा. बंद फोनमध्ये. काय सांगायचं ते माझं ठरलेलं नव्हतं, शप्पथ. कौतुकाचं काही सांगता आलं असतं. यंत्राची चूक झाली म्हणता आलं असतं. कुणाचंच नाव न घेता तिला बरं वाटेल असं खोटं बोलता आलं असतं. खरं बोलायला तर पूर्ण सकाळ होती.

फोन खाली ठेवला. ती पदराला हात पुसत दारात आली. तोंडावर उजेड होता तिच्या. नाव का घासलं, हे तिने विचारलंच नाही आधी. विचारलं, "मला काय म्हणाला? हौसाताई म्हणाला?"

तो उजेड बघितला आणि मी म्हणालो,

"कोण हौसा, म्हणाला. आठवत नाही त्याला."

ती उभी राहिली. मी म्हणालो, इतकी भांडी, इतकी माणसं, कुणाकुणाला लक्षात ठेवायचं त्याने. ती "बरं" म्हणाली. तिने माझ्या हातातून फोन घेतला, परत चार्जरला लावला आणि आत गेली.

मी खाटेवर बसून राहिलो. मग हाक मारली. लग्नाच्या तांदळात लिहिल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने, नावाने.

"शालिनी."

आत भांड्यांचाही आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "आले."

मी चहा मागितला.